पायथनमध्ये बायनरी फाइल वाचणे आणि लिहिणे : वेव्ह फाइलच्या आधाराने

बायनरी फाइलमध्ये ० ते २५५ या दरम्यानच्या आकड्यांची एक लांबलचक रांग असते, त्यापलीकडे काही नसते. त्यातले चार बाइट म्हणजे एक मोठा पूर्णांक आहे, दोन लहान पूर्णांक आहेत की चार अक्षरे आहेत, हे फाइल स्वतः सांगत नाही; लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने ते आधीच ठरवलेले असावे लागते. म्हणून बायनरी फाइलचे काम हाती घेताना एडिटर उघडण्यापूर्वी कागदावर एक तक्ता करावा : कितव्या बाइटपासून कोणती माहिती सुरू होते, ती किती बाइटची आहे, चिन्हासहित (ऋण आकडेही मावणारी) आहे की चिन्हरहित, आणि तिचा बाइटक्रम, म्हणजे आकड्याचे बाइट मांडण्याचा क्रम, कोणता. हा तक्ता बरोबर असेल तर प्रोग्राम बहुधा वीस-पंचवीस ओळींत संपतो, आणि तक्ताच चुकला असेल तर कितीही नेटका प्रोग्राम उपयोगाचा ठरत नाही.

उदाहरण म्हणून येथे ध्वनीची वेव्ह फाइल घेतली आहे. तिची रचना साधी आहे, ती कोणत्याही संगणकावर वाजवून तपासता येते आणि बायनरी फाइलींमध्ये भेटणाऱ्या बहुतेक अडचणी तिच्यात सापडतात. भाषा पायथन ३.

मोडमधला ‘बी’

पायथनमध्ये ‘ओपन’ या फंक्शनला मोड देताना ‘आर’ किंवा ‘डब्ल्यू’च्या जोडीला ‘बी’ हे अक्षर लिहिले, तरच फाइल बाइटच्या स्वरूपात हाती येते. ‘बी’ नसेल तर पायथन ती मजकुराची फाइल समजतो आणि वाचताना दोन कामे परस्पर करतो : बाइटचे अक्षरांत रूपांतर करतो, आणि ओळीच्या शेवटी येणारी १३, १० ही जोडी किंवा एकटा १३ दिसला की त्याच्या जागी १० ठेवतो. पीएनजी चित्र अशा रीतीने उघडून यूटीएफ-८ (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) म्हणून वाचायला घेतले, तर पहिल्याच बाइटवर प्रोग्राम थांबतो, कारण १३७ या बाइटने यूटीएफ-८ मधले कोणतेही अक्षर सुरू होऊ शकत नाही. ही अडचण त्या मानाने सुखाची, कारण ती लगेच दिसते. घोटाळा होतो तो ही त्रुटी गप्प करण्यासाठी एन्कोडिंग म्हणून ‘लॅटिन-१’ दिल्यावर. मग प्रत्येक बाइटला एक अक्षर मिळते, तक्रार होत नाही, पण १३ क्रमांकाचे बाइट मात्र गुपचूप बदललेले असतात. इंटरनेटवर हा उपाय अजूनही सर्रास सुचवला जातो. तो करू नये.

पीएनजीच्या रचनाकारांनी हा धोका ओळखूनच फाइलीच्या सुरुवातीचे आठ बाइट निवडलेले आहेत : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. सात बिटांच्या वाहिनीतून फाइल गेली तर पहिला बाइट बदलतो. ओळीचा शेवट कोणी ‘सुधारला’ तर १३, १० ही जोडी तरी मोडते किंवा शेवटच्या १० च्या आधी १३ येऊन बसतो. आणि मधल्या २६ मुळे जुन्या डॉसवर ‘टाइप’ आज्ञेने फाइल दाखवताना तेथेच थांबता येते. स्वतःचा फॉरमॅट आखायची वेळ आली, तर सुरुवातीच्या ओळखखुणेचा हा नमुना अवश्य डोळ्यांसमोर ठेवावा.

लिहिण्याच्या मोडबद्दल एक खबरदारी. ‘डब्ल्यूबी’ने फाइल उघडताच तिच्यातला जुना मजकूर पुसला जातो, मग पुढे एकही बाइट लिहिला नाही तरी. असलेल्या फाइलीतले मधलेच काही बाइट बदलायचे असतील तर ‘आर+बी’ वापरावा, आणि त्या नावाची फाइल आधीपासून असल्यास काम थांबलेच पाहिजे अशी अट असेल तर ‘एक्सबी’. कोणत्याही मोडमध्ये फाइल ‘विथ’च्या आतच उघडावी, म्हणजे मध्येच त्रुटी आली तरी ती बंद केली जाते.

बाइट आणि स्ट्रिंग

‘आरबी’ने उघडलेल्या फाइलीवर ‘रीड’ला संख्या दिली की तेवढ्या बाइटचा एक ‘बाइट्स’ प्रकारचा संच मिळतो. तो दिसायला स्ट्रिंगसारखा असला तरी त्याची वागणूक वेगळी आहे. त्यातला एक घटक क्रमांकाने मागितला तर अक्षर मिळत नाही, पूर्णांक मिळतो. एक बाइटचा संचच हवा असेल तर तुकडा कापून घ्यावा लागतो. शिवाय बाइट्सची तुलना साध्या स्ट्रिंगशी केली तर उत्तर नेहमी असत्य येते, आणि तेही कोणतीही त्रुटी न दाखवता. फाइलीचे पहिले चार बाइट ‘आरआयएफएफ’ आहेत का, हे तपासताना अवतरणचिन्हाआधी ‘बी’ लिहायचा राहिला, तर अगदी निर्दोष फाइलसुद्धा ‘ही वेव्ह फाइल नाही’ म्हणून नाकारली जाते आणि माणूस कारण भलतीकडेच शोधत बसतो.

देवनागरी मजकूर बायनरी फाइलीत ठेवणाऱ्याने तर बाइट आणि अक्षर यांतला फरक पक्का ध्यानात ठेवावा. ‘मराठी’ या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात, पायथनचे ‘लेन’ पाच सांगते, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजली जातात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने फाइलीत मात्र पंधरा बाइट जातात. नोंदीच्या आधी तिची लांबी लिहायची असेल, तर मजकूर आधी ‘एन्कोड’ करावा आणि मिळालेल्या बाइटची लांबी लिहावी. स्ट्रिंगची लांबी लिहिली तर वाचणारा पाच बाइट उचलेल, ‘म’ पूर्ण आणि ‘र’ अर्धवट हाती घेईल, आणि पुढची प्रत्येक नोंद दहा बाइटने सरकेल. इंग्रजी नावांवर चाचणी घेतलेल्या प्रोग्राममध्ये हा दोष वर्षानुवर्षे झोपून राहतो, कारण तेथे दोन्ही लांब्या सारख्याच येतात.

स्ट्रक्ट मॉड्यूल आणि त्याचे पहिले चिन्ह

आकड्यांचे बाइट करणे आणि बाइटचे आकडे करणे या कामासाठी पायथनबरोबरच ‘स्ट्रक्ट’ नावाचे मॉड्यूल येते. त्याला एक छोटी सांकेतिक ओळ द्यायची असते. कॅपिटल ‘बी’ म्हणजे एका बाइटचा चिन्हरहित पूर्णांक, ‘एच’ म्हणजे दोन बाइटचा, ‘आय’ म्हणजे चार बाइटचा आणि ‘क्यू’ म्हणजे आठ बाइटचा; हीच अक्षरे स्मॉल लिपीत लिहिली की ते पूर्णांक चिन्हासहित होतात. स्मॉल ‘एफ’ आणि ‘डी’ हे अनुक्रमे चार आणि आठ बाइटचे दशांश आकडे, आणि ‘४एस’ म्हणजे चार बाइट जसेच्या तसे. ‘पॅक’ हे फंक्शन आकडे घेऊन बाइट देते, ‘अनपॅक’ बाइट घेऊन आकड्यांचा टपल, म्हणजे क्रमवार संच, देते.

या सगळ्यांत महत्त्वाचे असते ते ओळीतले पहिले चिन्ह. ‘<’ लिहिले तर बाइटक्रम लिट्ल एन्डियन, म्हणजे कमी किमतीचा बाइट आधी. ‘>’ लिहिले तर बिग एन्डियन, म्हणजे जास्त किमतीचा बाइट आधी. ४४,१०० हा आकडा चार बाइटमध्ये पहिल्या पद्धतीने ६८, १७२, ०, ० असा लिहिला जातो (१७२ गुणिले २५६, अधिक ६८), तर दुसऱ्या पद्धतीने ०, ०, १७२, ६८ असा. वेव्ह फाइल लिट्ल एन्डियन आहे, पीएनजी बिग एन्डियन. आजचे बहुतेक संगणक आणि मोबाइल लिट्ल एन्डियन पद्धतीने चालतात म्हणून चिन्ह गाळले तरी वेव्ह फाइल वाचली जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चिन्ह गाळल्यावर स्ट्रक्ट आपल्या यंत्राच्या सी कंपायलरचे नियम पाळू लागते आणि दोन घटकांच्या मध्ये रिकामे बाइट भरते. एक बाइटचा पूर्णांक आणि त्यापुढे चार बाइटचा पूर्णांक, ही जोडी ‘<’ दिल्यास पाच बाइटची होते; चिन्ह न दिल्यास सर्वसाधारण संगणकावर ती आठ बाइटची भरते. कॉलेजात सी शिकताना अख्खे स्ट्रक्चर ‘एफराइट’ने फाइलीत ओतायची सवय लागलेल्यांना हे भरावाचे बाइट ओळखीचे असतील, त्या पद्धतीने लिहिलेली फाइल दुसऱ्या कंपायलरने वाचता येईलच असे नाही, ते याच कारणाने. तेव्हा पहिले चिन्ह प्रत्येक वेळी लिहावे आणि ‘कॅल्कसाइझ’ हे फंक्शन वापरून आपल्या ओळीची लांबी तक्त्याशी जुळते का, हे एकदा पाहावे.

‘४एस’सारख्या ठरावीक लांबीच्या घटकाबाबत स्ट्रक्ट जरा जास्तच सोशिक आहे. दिलेले बाइट कमी असतील तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते, आणि जास्त असतील तर शेपूट मुकाट्याने कापले जाते. ‘मराठी’चे पंधरा बाइट ‘१०एस’मध्ये कोंबले, तर नऊ बाइटमध्ये ‘मरा’ बसते, दहावा बाइट ‘ठ’चा पहिला तुकडा असतो, आणि वाचताना ‘डीकोड’ तेथे अडते. आकड्यांच्या बाबतीत मात्र तेच मॉड्यूल कडक आहे : स्मॉल ‘एच’मध्ये -३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच बसते, त्याबाहेरचा आकडा दिला की लगेच त्रुटी येते.

एक सेकंदाचा स्वर लिहिणे

आता प्रत्यक्ष फाइल लिहू. ४४० हर्ट्झचा एक सेकंदाचा स्वर, एक चॅनेल, सेकंदाला ४४,१०० नमुने (ठरावीक क्षणांना मोजलेली ध्वनीची पातळी) आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे दोन बाइटचा. ध्वनीचे बाइट झाले ८८,२००. त्यांच्याआधी ४४ बाइटचे हेडर लागते, म्हणजे अख्खी फाइल ८८,२४४ बाइटची होईल. हेडरचा तक्ता असा, बाइट दशमान आकड्यांत :

०–३ : ८२ ७३ ७० ७० (‘आरआयएफएफ’ ही ओळखखूण)
४–७ : १७२ ८८ १ ० (यापुढील फाइलीची लांबी, ८८,२३६)
८–११ : ८७ ६५ ८६ ६९ (‘वेव्ह’)
१२–१५ : १०२ १०९ ११६ ३२ (‘एफएमटी’ आणि एक मोकळी जागा)
१६–१९ : १६ ० ० ० (या चंकच्या, म्हणजे फाइलीतल्या या भागाच्या, पुढील मजकुराची लांबी)
२०–२१ : १ ० (पीसीएम, म्हणजे न दाबलेला ध्वनी)
२२–२३ : १ ० (चॅनेल)
२४–२७ : ६८ १७२ ० ० (सेकंदाचे नमुने)
२८–३१ : १३६ ८८ १ ० (सेकंदाचे बाइट, ८८,२००)
३२–३३ : २ ० (एका नमुन्याचे बाइट, सर्व चॅनेल मिळून)
३४–३५ : १६ ० (एका नमुन्याचे बिट)
३६–३९ : १०० ९७ ११६ ९७ (‘डेटा’)
४०–४३ : १३६ ८८ १ ० (ध्वनीच्या बाइटची संख्या)

दुसऱ्या रांगेतली लांबी ८८,२४४ नसून ८८,२३६ आहे, कारण ओळखखूण आणि ती लांबी स्वतः असे पहिले आठ बाइट तिच्यात मोजायचे नसतात. नवख्यांचे हेडर बहुतेक वेळा येथेच चुकते, आणि बरेच प्लेअर ही चूक पोटात घालतात म्हणून ती लक्षातही येत नाही. तक्त्यातल्या तेरा घटकांसाठी स्ट्रक्टची एकच ओळ पुरते : ‘<’ हे चिन्ह, आणि पुढे क्रमाने ४एस, आय, ४एस, ४एस, आय, एच, एच, आय, आय, एच, एच, ४एस, आय, त्यातली ‘आय’ आणि ‘एच’ ही अक्षरे कॅपिटल. हिची लांबी बरोबर ४४ भरते.

त्यानंतर नमुने. शून्यापासून ४४,०९९ पर्यंतच्या प्रत्येक क्रमांकासाठी दोन पाय (π) गुणिले ४४० गुणिले क्रमांक भागिले ४४,१०० या कोनाची ज्या (साइन) काढावी, तिला १२,००० ने गुणावे आणि ‘राउंड’ने पूर्णांक करावा. पहिले तीन नमुने ०, ७५२ आणि १,५०१ येतात. फाइलीत ते ० ०, २४० २, २२१ ५ असे दिसले पाहिजेत. प्रत्येक नमुना पॅक करून लगेच ‘राइट’ करत बसण्यापेक्षा सगळे नमुने ‘ॲरे’ मॉड्यूलच्या स्मॉल ‘एच’ प्रकारच्या ॲरेत गोळा करावेत आणि ‘टूबाइट्स’ने एकदमच लिहावेत. ॲरे मात्र यंत्राचाच बाइटक्रम वापरते, म्हणून बिग एन्डियन यंत्राचीही काळजी घ्यायची असेल तर लिहिण्यापूर्वी ‘बाइटस्वॅप’ करावे.

ध्वनी किती लांबेल हे आधी माहीत नसेल, उदाहरणार्थ मायक्रोफोनवरून रेकॉर्डिंग चालू असेल, तर लांबीच्या दोन्ही जागी तात्पुरते शून्य लिहून पुढे जावे. काम संपल्यावर ‘सीक’ने चौथ्या आणि चाळिसाव्या बाइटवर परत येऊन खरे आकडे भरावेत. अशा दुरुस्तीआधीच वीज गेली तर फाइलीत लांबी शून्यच राहते. ध्वनी शाबूत असतो, पण बरेच प्लेअर तो वाजवत नाहीत.

जुन्या फाइलीच्या जागी नवी फाइल ठेवायची असेल तेव्हा थेट तिच्यावर लिहू नये. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने फाइल लिहावी, ‘फ्लश’ आणि ‘एफसिंक’ करून बाइट डिस्कवर पोचल्याची खात्री करावी आणि मग ‘ओएस’ मॉड्यूलमधल्या ‘रिप्लेस’ने तिला मूळ नाव द्यावे. म्हणजे मध्येच काही बिघडले तरी जुनी फाइल शिल्लक राहते.

वाचताना कोणावर विश्वास ठेवू नये

फाइल लिहिताना सगळे आपल्या हातात असते, वाचताना नसते. वरचा तक्ता पाहून कोणीही असे ठरवील की ४४ बाइट वाचावेत, अनपॅक करावेत आणि उरलेला सगळा ध्वनी समजावा; आणि आपण स्वतः लिहिलेल्या फाइलीवर हा प्रोग्राम उत्तम चालेलही. पण ‘एफएमटी’ आणि ‘डेटा’ यांच्यामध्ये ‘लिस्ट’ नावाचा चंक घालणारी साधने अनेक आहेत, त्यात शीर्षक किंवा सॉफ्टवेअरचे नाव असते. आणि खुद्द ‘एफएमटी’ चंकही सोळाऐवजी अठरा किंवा चाळीस बाइटचा असू शकतो. अशा फाइलीचे ४४ बाइट आंधळेपणाने सोडले, तर शीर्षकाची अक्षरे ध्वनी म्हणून वाजतात आणि सुरुवातीला टक्‌ असा आवाज येतो.

योग्य रीत अशी. पहिले बारा बाइट वाचून दोन्ही ओळखखुणा तपासाव्यात. त्यानंतर लूप चालवावे : आठ बाइट वाचावेत, त्यांतले चार म्हणजे चंकचे नाव, चार म्हणजे त्याची लांबी. नाव ‘एफएमटी’ असेल तर तेवढे बाइट वाचून त्यांतले पहिले सोळा ‘अनपॅक फ्रॉम’ने उलगडावेत, ‘डेटा’ असेल तर ‘टेल’ने सध्याची जागा आणि सोबत लांबी टिपून ठेवावी, इतर काहीही असेल तर ‘सीक’ने तेवढे पुढे सरकावे. लांबी विषम असेल तर चंकनंतर भरावाचा एक जादा बाइट असतो, आणि तो लांबीत मोजलेला नसतो. तो सोडायला विसरले की पुढचे नाव एका घराने सरकलेले मिळते आणि तेथून पुढे सारेच निरर्थक होते.

‘रीड’ला आठ बाइट मागितले म्हणून आठच मिळतील असे नाही. फाइल संपली असेल तर रिकामा संच मिळतो, मध्येच तुटली असेल तर आठपेक्षा कमी बाइट मिळतात, आणि दोन्ही वेळा पायथन आपणहून तक्रार करत नाही. म्हणून एक छोटे फंक्शन लिहून ठेवावे, जे मागितलेले बाइट पूर्ण मिळाले तरच परत देईल आणि नाहीतर कितव्या बाइटला किती कमी पडले हे सांगणारी त्रुटी उभी करील. पुढे सगळे वाचन याच फंक्शनमधून करावे. ‘सीक’ही तितकेच निर्विकार आहे : फाइलीच्या शेवटापलीकडच्या जागेवर जायला सांगितले तरी ते जाते.

फाइलीत लिहिलेल्या लांबीचेही तसेच. कोणी मुद्दाम किंवा चुकून चार बाइटमध्ये ४,२९,४९,६७,२९५ हा आकडा लिहिला असेल आणि आपण तेवढी जागा राखायला निघालो, तर प्रोग्राम मेमरी खाऊन बसेल. हा आकडा काही साधने लांबी माहीत नसताना मुद्दामही लिहितात. लांबी वापरण्याआधी ती फाइलीच्या प्रत्यक्ष आकाराशी ताडून पाहावी. जाता जाता : याच आकड्यामुळे वेव्ह फाइलला साधारण चार जीबीची मर्यादा पडते, आणि सीडीच्या दर्जाचा दोन चॅनेलचा ध्वनी सेकंदाला १,७६,४०० बाइट घेत असल्याने एका फाइलीत पावणेसात तासांहून थोडेसेच अधिक रेकॉर्डिंग मावते. रात्रभराच्या संगीत मैफिलीचे रेकॉर्डिंग करणाऱ्याने फाइल मध्येच बदलण्याची सोय ठेवलेली बरी.

नमुने उलगडताना चिन्हाकडे लक्ष द्यावे. वेव्हमध्ये १६ बिटांचे नमुने चिन्हासहित असतात, पण ८ बिटांचे चिन्हरहित असतात आणि त्यांत शांतता म्हणजे १२८. फाइलीत १६ आणि २५३ हे बाइट स्मॉल ‘एच’ने वाचले तर -७५२ येतात, कॅपिटल ‘एच’ने वाचले तर ६४,७८४. बाइटक्रम उलटा घेतला तर ७५२ चे -४,०९४ होतात. अशा वेळी त्रुटी येत नाही, फक्त कर्कश खरखर ऐकू येते.

मोठी फाइल ‘रीड’ने एकदम मेमरीत ओढू नये, ६४ किलोबाइटच्या आसपासचे तुकडे घेत जावे, आणि तुकड्याचा आकार एका नमुन्याच्या बाइटच्या पटीत ठेवावा, म्हणजे एकच नमुना दोन तुकड्यांत विभागला जाणार नाही. फाइलीत इकडून तिकडे वारंवार उड्या मारायच्या असतील तर ‘एममॅप’ मॉड्यूल सोयीचे पडते; त्याने फाइल मेमरीतल्या बाइटच्या रांगेसारखी वापरता येते.

तपासणी

लिहिलेली फाइल आपल्याच वाचकाने बरोबर वाचली, यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण तक्त्यातली चूक दोन्हीकडे सारखीच उतरलेली असू शकते. म्हणून फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात, उघडून तक्त्याशी ताडावी. लिनक्स आणि मॅकवर ‘हेक्सडंप’ला ‘-सी’ (कॅपिटल) हा पर्याय देऊन आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ने हे होते. तेथे आकडे षोडशमान पद्धतीने दिसतात, तेव्हा तक्त्यातला दशमान १३६ तेथे ८८ म्हणून आणि दशमान ८८ तेथे ५८ म्हणून दिसेल. लांबीच्या रांगांत हे दोन्ही शेजारीशेजारी असल्याने गफलत होणे सोपे आहे. पायथनबरोबर येणारे ‘वेव्ह’ मॉड्यूलही आपली फाइल उघडते का आणि चॅनेल, नमुने, लांबी तीच सांगते का, हे पाहावे. रोजच्या कामात वेव्ह फाइलसाठी तेच मॉड्यूल वापरावे. हाताने हेडर लिहिण्याची वेळ येते ती तयार मॉड्यूल नसलेल्या यंत्रांच्या आणि उपकरणांच्या फाइलींसाठी.

वाचकाची परीक्षा घेण्यासाठी चांगली फाइल मुद्दाम बिघडवावी. तिचे फक्त पहिले दहा बाइट, मग तीस, मग पन्नास ठेवून तीन फाइली कराव्यात, एका प्रतीत ‘डेटा’ची लांबी दुप्पट करावी, एकीत ‘डेटा’च्या आधी सात बाइटचा एखादा अनोळखी चंक भरावाच्या बाइटसह घालावा. शेवटची फाइल बिनतक्रार वाचली गेली पाहिजे, आणि बाकीच्या चारही फाइलींवर कितव्या बाइटला काय चुकले हे सांगणारी त्रुटी आली पाहिजे. अर्धवट नमुने घेऊन प्रोग्राम पुढे गेला, तर वर सांगितलेल्या छोट्या फंक्शनला वगळून कोठेतरी थेट ‘रीड’ केलेले आहे, असे समजून ती जागा शोधावी.